आतल्या खोलीचं अडकणारं दार

सोमवार, ४ तारीख
आलं एकदाचं समन्स! दरोड्याला वर्ष होत आलं. मला वाटलं, कोर्ट विसरलं. गुरुवारी माझी साक्ष. हे म्हणाले, "थोडक्यात सांग. तुला वेळ विचारली की तू घड्याळ कुणी दिलं इथून सुरू करतेस." करतेच! लग्नातलं घड्याळ, कुणी दिलं ते सांगायला नको?

मंगळवार, ५
सरकारी वकीलबाईंकडे जाऊन आले. चालतच गेले, भाडं वाचलं.
त्यांनी नीट समजावलं. पाच जण असले तरच दरोडा. चारच ठरले तर नुसती जबरी चोरी, शिक्षा निम्म्यावर. पकडलेत चार. "पाचवा सापडला नाही तरी चालेल ताई, पण तो होता हे न्यायाधीशांना पटलं पाहिजे. आणि त्याला पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच." हे तेव्हा कामावर होते ना.
म्हणजे सगळा खटला माझ्या डोक्यावर! देवापुढे जास्तीचा दिवा लावला. वात मात्र बारीक ठेवली.

गुरुवार, ७
झाली साक्ष!
"देवाला स्मरून खरं सांगेन" म्हणायला लावलं. मी तर रोज सकाळी म्हणते, मला कसली भीती?
सगळं सांगितलं. देवळाचं छप्पर उतरवलं होतं, म्हणून देवाचे चांदीचे दिवे आमच्या आतल्या खोलीत होते. भरदुपारी चौघं शिरले. तोंडं बांधलेली, तिघांकडे सुरे, एकाकडे पिस्तूल. मी म्हटलं, "चपला बाहेर!" तोंडातून निघूनच गेलं. एकाने काढल्याही, बिचाऱ्याने. दुसरा त्याच्यावर खेकसला, मग परत घातल्या.
बचावाचे वकील उठले. काळा कोट, आवाज गोड. "बाई, भीतीने चाराचे पाच दिसले नसतील कशावरून?"
"भीती वाटली की मी डोळे मिटून नाम घेते. मग एकही दिसला नसता."
कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, पण मला दिसलं.
"मग पाचवा होता कशावरून?"
"दारावरून!"
आमच्या आतल्या खोलीचं दार फुगलंय. अकरा वर्षं ह्यांच्या मागे लागलेय. चौघांनी ढकललं, लाथा घातल्या. पिस्तूलवाल्याने अंगठा ठेचून घेतला आणि एका पायावर नाचायला लागला. सळईने फोडायच्या बेतात होते, तेवढ्यात बाहेरून पाचवा आला, तोही तोंड बांधलेला. एक शब्द नाही. खालच्या कोपऱ्याला पाऊल लावलं, कडी वर उचलली, डावा खांदा दिला. उघडलं! दार वाचलं म्हणून मी थँक्यू म्हणणार होते.
वकील म्हणाले, "असं दार जगात नसतं." न्यायाधीश म्हणाले, "मग बघूनच येऊ. सोमवारी."
न्यायाधीश आमच्या घरी! पडदे धुवायला हवेत.
चौघा आरोपींतल्या एकाची आई माझ्याच बाकावर होती. डबा आणला होता, पोलिसांनी देऊ दिला नाही. म्हणाली, "पाचवा कोण ते पोरगा सांगतच नाही हो. म्हणतो, शब्द दिलाय." मी माझ्याकडचं पाणी दिलं.

शुक्रवार, ८
पडदे धुतले. एक आटला. नशीब!

शनिवार, ९
लिहू की नको?
संध्याकाळी भावजी आले. ह्यांचा धाकटा भाऊ, त्याच्या लग्नाआधी सहा वर्षं आमच्याकडेच होता. मी चहा ठेवला. "वहिनी, कोर्टाला म्हणे हसवलंत!" स्वतःही खूप हसला. मग म्हणाला, "माझा कॅरम आहे ना अजून आत?" आणि गेला. एका हातात कप. कोपऱ्याला पाऊल, कडी वर, डावा खांदा. चहाचा थेंब सांडला नाही.
सांडला माझा. ओट्यावर, साडीवर, सगळीकडे.
"काय झालं वहिनी?"
"काही नाही, भावजी. साखर संपली."
सहा वर्षं तो झोपायचा त्याच खोलीत. दिवे तिथे आहेत, हेही त्याला मीच सांगितलं होतं. कौतुकाने!
मान वर केली, तर हे माझ्याकडेच बघत होते.

रविवार, १०
सकाळी हे कुणाकडून तरी रंधा मागून आले. दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि लागले तासायला! लग्नानंतर ह्यांनी घरात एक खिळा ठोकला नाही.
"अकरा वर्षं डोकं खाल्लंस ना? घे!"
"आज बरा मुहूर्त सापडला," मी म्हटलं.
थांबले. घाम पुसला. "आई गेली तेव्हा एवढासा होता गं तो. माझ्या हाताने भरवलंय त्याला."
"कोर्टात जी डबा घेऊन बसते, तिनेही भरवलंच असेल."
पुन्हा रंधा मारायला लागले. दार बसवलं. वरून जुना रंगही फासला. मग म्हणाले, "तो कचरा टाकून दे."
टाकू कशाला? बंब पेटवायला उपयोगी. लांब, कुरळ्या ढलप्या, वास अगदी ताजा. बिस्किटाच्या डब्यात गच्च भरल्या.
देवाला विचारलं, काय करू? तो नेहमीसारखाच गप्प. दिवा मीच लावायचा, उत्तरही मीच शोधायचं!

सोमवार, ११
न्यायाधीश आले. बाहेरच चपला काढल्या, न सांगता.
बचावाच्या वकिलांनी करंगळीने दार ढकललं. उघडलं. "बघा! कुठाय तुमचा पाचवा?"
हे जमिनीकडे बघत होते.
मी आत गेले आणि बिस्किटाचा डबा घेऊन आले. न्यायाधीशांना वाटलं, चहाबरोबर. मी झाकण काढलं.