राणीसाठी काढलेली मिशी

केनवड, १९३१

तीर्थरूप बाबा,

तुमी कारंज्याले कापूस घेऊन गेले, अन् इकडं माह्या हातून भलतंच झालं. पोराच्या बारशाले तुमाले वचन देल्लं होतं, "बाप झालो, आता नाटकात लुगडं नेसनार नाई." पन गावात राणी कराले कोनीच मिळेना. आज मी मिशी काढली.

बाप गेल्यावरच मिशी काढतात, हे मनातच नाई आलं. दारात माह्यं तोंड पाह्यलं, अन् आईनं उखळावर हात आपटून बांगड्या फोडल्या. "नाटकासाठी काढली वं, आई!" मी वरडतच राह्यलो.

नव्या बांगड्या आनल्या, तर भरत नाई. म्हन्ते, "त्यायले दारात पाह्यल्यावरच भरीन."

आता मलेबी भेव वाटून राह्यलं. हे पत्र धाडत नाई. "तुमी जित्ते हाये ना," हे बापाले कसं इचारू?

तुमचा बिनमिशीचा
इंद्रभान