पाइप तिकडे फुटली

५ जानेवारी
मिल जोरात. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ सगळा नायजेरियाला, आपल्याकडे उसना खातो कोण! वाळवणावरची देवकाबाई विचारत होती, गावच्या बायांसोबत तेलंगणात मिरची तोडायला जाऊ का. सुपरवायझरच्या थाटात म्हटलं, "कायले जातेस? मार्चपर्यंत काम पक्कं. पोरीची दहावी आहे." घरात मायलेकी दोघीच. आई गेली की पोरीला, करुणालाही, जावं लागणार. थांबली.

१४ जाने.
टीव्हीवर नायजेरिया. बंदूकवाल्यांनी तेलाची पाइपलाइन उडवली. जाळ, काळा धूर. जेवता जेवता पाहिलं, चॅनल बदललं.

२८ जाने.
सकाळी टाक्यांत धान भिजवलं. दुपारी शेठ आले, बसलेही नाहीत. तिकडचं तेल बंद म्हणून डॉलर बंद. त्यांचा पैसा रोज घसरतोय, बँका आयातीला डॉलर देईनात. ऑर्डर थांबली. "पाइप उनकी फूटी, बॉयलर अपना ठंडा करो." भिजलेलं तेवढं उकडून काढायचं, नाहीतर कुजेल.

३० जाने.
शेवटचा माल गोदामात. बायांना मलाच सांगावं लागलं. देवकाबाई – "त्याईची पाइप फुटली त आमाले काऊन घरी बसवून राहिले?"
समजावलं. तो देश तेल विकतो, त्यावरच तांदूळ, औषधं, सगळं घेतो. तेल अडलं की सगळंच अडलं.
मग देवकाबाई – "म्हंजे तेथचे लेकरं उपाशी, अन् आमचा तांदूळ अथी पडून?"
मिरचीचं एकदाही काढलं नाही तिने. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

६ फेब्रुवारी
बायको, सुमन, आठवडाभर मागे लागली होती, पोरीला आपल्याकडे कुडव्याला आणा, इथून परीक्षा देईल. रविवारी जातो म्हणालो. आज शुक्रवार. देवकाबाईच्या गावाहून, कामठ्याहून, मिरचीवाल्या बायांची गाडी सकाळीच गेली. करुणाही गेली.
सुमन बोलत नाही माझ्याशी. बरोबर आहे तिचं.

१७ फेब्रु.
शेठ खुशीत. पाइप जोडली म्हणे, थोडा माल जाईल. "भिजाओ!" हो म्हटलं. वाळवणावर एक बाई नाही. देवकाबाईचा फोन लागत नाही.

१८ फेब्रु.
लागला. वाऱ्याचा आवाज नुसता. "पोरीले धाडतो भाऊ, बल्लारशाच्या गाडीनं..." कट. आज की उद्या, कळलं नाही. परत लागेना. सुमनने खोलीत अंथरूण घातलं, टेबल पुसलं.

१९ फेब्रु.
स्टेशनवर सकाळची बल्लारशाची गाडी पाहून आलो. मजुरीत मिळालेल्या मिरच्यांची पोती घेऊन काही बाया उतरल्या. डबा न् डबा पाहिला. करुणा नाही. एका बाईला विचारलं तर म्हणते, "तेथं गावोगावच्या पोरी हायेत भाऊ, कोनती तुमची?"
उद्या अकराला मराठीचा पेपर.
मिलमध्ये टाक्यांत धान भिजवलंय. टीव्ही लावायची हिंमत नाही. संध्याकाळची गाडी अजून आहे. सुमनने भात झाकून ठेवलाय. निघतो.