म्हशीच्या मागच्या पायांस

प्रिय साडूभाऊंस,

थोरल्या साडूचा नमस्कार आणि वर एक आलिंगन (लांबूनच, मला सर्दी आहे).

एकेकाची तब्येत विचारतो, म्हणजे कोणी राहून जायला नको. धाकटीचा (तुमच्या त्या सौभाग्यवती असतील, आमच्या घरात ती अजून धाकटीच) खोकला गेला का? तिने आल्याचा रस घ्यावा असं तिची थोरली बहीण म्हणते. न घेतल्यास काय होईल तेही म्हणते, पण ते पत्रात मावणार नाही. सूनबाईंची पाठ कशी आहे? चिरंजीवांचे केस गळायचे थांबले का? (थांबले असतील तर गळण्यासारखं काही उरलं नसेल, राग मानू नका.) कुत्र्याची खाज? आणि दुकान बंद केल्यापासून तुम्ही ज्या खुर्चीतून उठत नाही, त्या खुर्चीची तब्येत कशी आहे? धाकटी फोनवर सांगत होती की गुडघ्याचं ऑपरेशन झकास झालं, डॉक्टर चाला चाला म्हणून कानीकपाळी ओरडतात, आणि तुम्ही मात्र भिंतीकडे तोंड करून बसता आणि "आता माझं काय काम उरलंय" एवढंच म्हणता. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, ती खुर्ची मी स्वतः भरलेली आहे, तुझ्या नवऱ्याच्या आधी तीच कंटाळेल. पण फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही.

इकडे सगळे मजेत. मी मात्र पुन्हा म्हैस झालो आहे.

तुम्हाला आठवत असेलच, तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं, आपण दोघं त्या बोळातल्या दुकानात सोफे आणि खुर्च्या भरून द्यायचो, आणि एक दाढीवाले गृहस्थ फाटका दिवाण दुरुस्तीला घेऊन आले. दिवाण राहिला बाजूला, परग्रहावरचा नरभक्षक प्राणी शिवून द्याल का, असं विचारायला लागले. सिनेमा काढत होते म्हणे, भयाचा आणि विज्ञानाचा, दोन्ही एकदम. आपण काय, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं माहीतच नाही. बसच्या सीटांचं उरलेलं हिरवं रेक्झिन, आत काथ्या, डोळ्यांना मोटारीचे दिवे, आणि आठ पाय, त्यातले चार माणसांचे आणि चार नुसते लोंबणारे. शिवून झाल्यावर आत शिरायला कोणी धजेना (सरसाचा वास आठवतो ना?), तेव्हा आपल्यालाच कोंबलं. पुढे मी, कारण मी थोरला. मागे तुम्ही, कारण तुम्ही धाकटीशी लग्न केलंत, त्याला कोण काय करणार. साऱ्या जगाला खायला आलेला तो जीव, पण आपण त्याला म्हैसच म्हणायचो. त्याचं यान म्हणजे दोऱ्याला टांगलेलं पातेल्याचं झाकण, आणि रक्त म्हणजे बिटाचा रस, जो नायक मधल्या सुट्टीत चाटून टाकायचा आणि मग मेल्यावर फिका दिसायचा.

आणि मग तो पाठलाग. बटाट्याचं गोदाम, पुढे शास्त्रज्ञ आणि नायिका किंचाळत पळतायत, मागे आपण. ऐन रंगात तुमच्या पायात पेटका आला आणि तुम्ही खाली बसलात. मला काय माहीत. मी आपला चालतोच आहे. म्हैस मधून ताणत ताणत रेल्वेच्या डब्याएवढी झाली, शिवण माझी होती म्हणून टिकली, आणि शेवटी तिने मलाच मागे ओढलं. दिग्दर्शक रडायचे बाकी राहिले, कारण फिल्म संपली होती, दुसऱ्यांदा घ्यायची सोय नव्हती. तेवढ्यात त्या शास्त्रज्ञाचं काम करणाऱ्या नटाने (पोटापाण्याला तो टपाल कचेरीत होता) आपल्या पदरचं वाक्य टाकलं: "थांबा. तो विचार करतोय." सिनेमा लागला आणि उतरला, कोणी हूं की चूं केलं नाही. तुम्हाला तर कावीळ झालेली, तुम्ही तो पाहिलाच नाहीत.

आता गंमत ऐका. परवा आमच्या दारात एक बाई उभ्या राहिल्या. दातांच्या डॉक्टर. (समोरच्याच्या तोंडात हत्यार आहे असं धरूनच बोलतात, उत्तराची वाट म्हणून पाहत नाहीत.) म्हणाल्या, आमचं एक मंडळ आहे, आम्ही त्या काळातले भुताखेतांचे आणि परग्रहांचे पडलेले सिनेमे हुडकून पाहतो, आणि तुमचा आमच्या फार जिवाचा आहे. मला वाटलं, बाई भूल देण्याच्या औषधाजवळ फार वेळ बसतात. पण त्यांनी मला खरंच एका दुपारच्या खेळाला नेलं. मी कडक इस्त्रीचा सदरा घालून गेलो. थिएटर खचाखच भरलेलं, सगळी तरणीताठी पोरं, आणि म्हैस पडद्यावर आली की हसून हसून खुर्च्या मोडायची वेळ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठणारच होतो. इतक्यात तुम्ही बसलात. हसणं तिथल्या तिथे तुटलं. सगळे उठून उभे राहिले, सगळे एका सुरात म्हणाले, "थांबा, तो विचार करतोय," आणि सगळे धपकन एकदम खाली बसले. मग टाळ्या. थांबतच नाहीत. शेजारी एक परिचारिका होती, ती मला सांगत होती की वॉर्डात अगदी डोक्यावरून पाणी गेलं की ती जिन्यात दोन मिनिटं बसते, मनात हेच म्हणते, आणि मग उठून कामाला लागते. मी रुमाल काढला. (सर्दी तेव्हाचीच.)

तर मंडळाला ती जुनी म्हैस कुठल्याशा गोदामात सापडली आहे. उंदरांनी पोट खाल्लं होतं, ते मी नवं घातलं. महिनाअखेरच्या रविवारी दुपारी खेळ आहे आणि म्हशीने प्रत्यक्ष मंचावर चालत यायचं आहे. न जमल्यास तिला दारात दोन स्टुलांवर मांडून ठेवतील, लोक तिच्यावर छत्र्या टेकवतील. पुढचा मी तयार आहे, मागचाच पेच आहे. आधी जावयांना घेतलं. बँकेतला माणूस, वळायचं असेल तर आधी कळवा म्हणाला, आणि कळवेपर्यंत आम्ही लाँड्रीवाल्याच्या वाळत घातलेल्या चादरींत. मग शेजारचा बेकरीवाला आला. त्याला कणीक रेटायची सवय, त्याने मागून मलाच असं रेटलं की म्हैस वीतभर झाली आणि माझी मान तिच्या जबड्याबाहेर. शेवटी आमची मंडळी पदर खोचून आत शिरली. पाय तिचे झकास पडतात, पण ती बोलते. डावीकडे घ्या, सावकाश, समोर खड्डा आहे. तिला आतून काही दिसत नव्हतं, तरी खड्डा होता. मागून येणाऱ्या सूचना मी लग्नापासून ऐकतोच आहे, पण भर रस्त्यात म्हशीचं पुढचं अंग मागच्या अंगाशी भांडतंय हे पाहून लाँड्रीवाल्याने दुकानाचं दार लावून घेतलं.

असो. तुमची आठवण आली म्हणून लिहिलं. जमलं तर या, नाहीतर विश्रांती घ्या, माझा काही आग्रह नाही.

तुमचा,
थोरला साडू

ता. क. आग्रह नाही असं वर लिहिलं, कारण आजारी माणसाला गळ घालू नका म्हणून मंडळी पाठीमागे उभी राहून वाचत होती. आता ती आत गेली आहे. या. झालंय असं की त्या खेळानंतर मला मंचावर चढवलं आणि विचारलं, खाली बसलेले ते तुम्हीच ना? मी मान हलवली. हलली ती, काय करू, टाळ्या चालू होत्या. मग म्हणाले, बसून दाखवा. मी बसलो. मागून एक पोरगा हळहळून म्हणाला, "हे ते बसणं नाही." तिथल्या तिथे कबूल केलं, बसणारे आमचे धाकटे साडू. तेव्हापासून डॉक्टरीण एकच विचारते आहे, ते आहेत कुठे? पुढच्याचं काम कोणीही करेल म्हणते. माझ्या तोंडावर म्हणाली.

दुसरा ता. क. गुडघ्याची सबब सांगू नका, तुम्ही मागे राहायचंच नाही. म्हशीच्या तोंडात जाळी आहे आणि त्यातून समोरचं सगळं दिसतं. तुम्ही आयुष्यभर त्या काथ्याच्या अंधारात माझी पाठ बघितलीत. तुम्ही बसल्यावर माणसं काय करतात ते एकदा डोळ्यांनी बघाच. पुढे तुम्ही, मागे मी. मला फक्त बसायचं कसं ते शिकवा. रोज करून बघतो, पण मी नुसता पडतो.

तिसरा ता. क. पत्रिकेवर तुमचं नाव छापून झालं आहे, माझ्या वर. तेव्हा उलट टपाली उत्तर धाडा. येणार असाल तर "येतो" एवढा एक शब्द पुरे. येणार नसाल तर मात्र तसं इथे येऊन सांगा.