साडेसतरा जोड्या आणि दुरुस्ती क्रमांक बत्तीस

बुधवार, ११ जानेवारी. एडिंबरा.
आज समितीपुढे विधेयक आलं. ‘कुत्र्यांनी शिकार (नियंत्रण) विधेयक.’ दोनपेक्षा जास्त कुत्री घेऊन कोल्ह्यामागे जायचं नाही, एवढाच अर्थ. पानं चोवीस. मॉन्टीथ साहेब समितीचे सदस्य, मी त्यांची संशोधन सहायक. म्हणजे चोवीस पानं मी वाचायची.

माझे बाबा हाउंड, म्हणजे कोल्ह्यामागे सोडायची शिकारी कुत्री, सांभाळतात. तेवीस वर्षं. राहतं घरही त्या नोकरीचंच. ऑफिसात हे सांगितलेलं नाही. लपवलंय असं नाही, कोणी विचारलं नाही.

विधेयक बरोबर आहे असं माझं मत आहे. बाबांनाही एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, कोल्ह्याला विचारलं तर तोही हेच म्हणेल.

वाचताना काहीच वाटलं नाही. चांगलं लक्षण. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच असणार.

संकल्प: दर रविवारी घरी फोन.

सोमवार, १६ जानेवारी.
काल फोन राहिला. परिशिष्टं वाचत होते.

बुधवार, २५ जानेवारी.
साक्षी. आधी प्राणिसंस्थेच्या बाई, मग एक मेंढपाळ. दोघंही खरं बोलले. पुरावा नीट मांडला की समिती शहाणी होत जाते, हे विद्यापीठात शिकले होते. आज डोळ्यांनी पाहिलं. तीन सदस्य टेबलाखाली फोनवर टिपणं घेत होते. एकाला टिपण घेताना हसू आवरेना.

रविवार, २९ जानेवारी.
फोन केला. बाबांनी विचारलं, आता काय होईल. मी कायद्याच्या तीन टप्प्यांबद्दल सांगितलं. वीस मिनिटं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग ते म्हणाले, मालकांनी कळवलंय, कायदा झाला की त्याच आठवड्यात कुत्राघर बंद. साडेसतरा जोड्या आहेत. (मी पस्तीस म्हटलं की ते दुरुस्त करतात. हाउंड जोडीनंच मोजायचे.) ही घरची कुत्री नव्हेत. एकटं राहणं ठाऊक नाही, जिना ठाऊक नाही. वर्ष-दीड वर्ष मिळालं तर ते आयर्लंडातल्या शिकारी टोळ्यांत, तिथं बंदी नाही, दोन-दोन करून सगळ्यांची सोय लावतील. नाही मिळालं तर डॉक्टर आणि सुई.

मी म्हटलं, बाबा, समिती कशासाठी आहे?
“बरं, पोरी,” म्हणाले.

ठरलं. विधेयकात दुरुस्ती सुचवायची: चालू कुत्राघरांना अठरा महिन्यांची मुदत. यानं कोल्हाही सुटतो, कुत्रीही सुटतात. एवढं साधं कोणाला कसं सुचलं नाही, कोण जाणे.

बुधवार, ८ फेब्रुवारी.
मॉन्टीथ साहेबांना दुरुस्ती पटली. एकच विचारलं, यानं मतं जात नाहीत ना? नाही म्हटलं. माहिती कुठून मिळाली म्हणाले. स्थानिक सूत्रांकडून.

दुरुस्ती दाखल झाली. क्रमांक बत्तीस. कलम नऊ, पोटकलम दोन, ‘दिवशी’ या शब्दानंतर. माझं वाक्य, संसदेच्या कागदावर. बराच वेळ पाहिलं. तसं काही वाटलं नाही.

शोना शेजारच्या टेबलावर बसते. दहा वर्षं इथे आहे. म्हणाली, काय गं, कुत्र्यांसाठी एवढी झिजतेस, कुत्र्यांनी नेमलंय का तुला? मी म्हटलं, मी कोणाच्याच बाजूनं नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी.
फोन नाही. निश्चित काही हाती आल्याशिवाय आशा लावणं बरं नव्हे.

सोमवार, २७ फेब्रुवारी.
एकूण एकसष्ट दुरुस्त्या. साहेबांना एकच कागद लागतो: क्रमांक आणि पुढे हो किंवा नाही. त्यापलीकडे ते वाचत नाहीत. मी रंग भरले. हिरवा हो, लाल नाही. ऑफिसात असा कागद आजवर कोणी केला नसेल.

एकतीस क्रमांक दुसऱ्या एका सदस्याचा. कलम नऊचं पोटकलम दोन अख्खं काढून तिथं सुटसुटीत वाक्य घालायचं. वाक्य खरंच सुरेख आहे. हिरवा.

शोना म्हणाली, एकतीस आणि बत्तीस जरा एकापुढे एक ठेवून बघ. मी म्हटलं, चार वेळा बघितलेत. चार वेळा वेगवेगळे बघितले होते, पण ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

बुधवार, १ मार्च. दुपार.
कलमवार विचार. सकाळी साडेनऊला सुरुवात.

साहेब बत्तीसवर सहा मिनिटं बोलले. छान बोलले. साडेसतरा जोड्या म्हणाले तेव्हा पलीकडच्या एका सदस्यानं विचारलं, अर्धी जोडी म्हणजे कुत्र्याची पुढची बाजू की मागची? सगळे हसले. चर्चेत जिवंतपणा होता.

मग मतं. एकतीस: पाच विरुद्ध चार, मंजूर. पाचवा हात साहेबांचा.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “एकतीस मंजूर झाल्यामुळे बत्तीस ज्या ओळीत बसायची ती ओळच आता राहिलेली नाही. बत्तीस घेता येत नाही. तेहतीस.”

चार सेकंद लागले असतील. साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी कागद पाहत होते. एकतीस हिरवा, बत्तीस हिरवा.

दुपारी सूप घेतलं. मसुराचं. संपवलं.

गुरुवार, २ मार्च.
हा दुसरा टप्पा. तिसरा उरलाय, पूर्ण सभागृहाचा. तिथं दुरुस्ती पुन्हा देता येते. पद्धत अशीच आखलेली असते, चुका धरून. मुदत २४ मार्च, संध्याकाळी साडेचार. नवं वाक्य नव्या ओळीत बसवलं. आधीपेक्षा चांगलं झालंय. एका अर्थी बरंच झालं.

साहेब म्हणाले, तो विषय झाला आता, पण ठेव, बघू. त्यांच्या टेबलावर ठेवलं.

शुक्रवार, १० मार्च.
कागद टेबलावरच आहे. वर बस-थांब्यांच्या तक्रारींची फाइल आलीय. आठवण करायचा विचार होता. पण वारंवार बोललं तर माझा काही वैयक्तिक संबंध आहे असं वाटेल.

शोनाला सांगितलं, बाबांचं. पहिल्यांदाच. तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “अगं वेडे, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तो कागद स्वतः तपासला असता.” मी म्हटलं, कागदाचा आणि बाबांचा संबंध नाही.

शुक्रवार, २४ मार्च. ४.४०.
साहेब तीनला मतदारसंघात गेले. सही राहिली. मला फोन करता आला असता. नंबर काढलाही होता. पण ते गाडी चालवत असतील असं वाटलं.

बुधवार, २९ मार्च.
विधेयक मंजूर. गॅलरीत लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कायदा चांगला आहे.

रविवार, ९ एप्रिल. घरी.
ईस्टर. कुत्राघर रिकामं. फरशी धुतलेली. आठ हाउंड आयर्लंडला गेले, तेवढेच घ्यायला टोळी तयार होती. बाकीच्यांसाठी गुरुवारी डॉक्टर आले. बाबा प्रत्येकापाशी उभे राहिले, नावानं हाक मारून एकेकाला बाहेर आणलं. शेपट्या हलवत आले, म्हणाले. मग म्हणाले, चहात दूध घालू का? घर जूनअखेर सोडायचंय.

जेवण झाल्यावर त्यांनी वनखात्यातल्या नोकरीचा अर्ज पुढे ठेवला. कुंपणाच्या कामाचा. तू शिकलेली आहेस, तू भर, म्हणाले. अनुभव, तेवीस वर्षं. शिक्षण, सोळाव्या वर्षापर्यंत. मग रकाना आला: आधीची नोकरी सोडण्याचं कारण.

काय लिहायचं, त्यांनी विचारलं. मी ‘कायद्यातील बदल’ असं लिहिलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं.
“हे बरोबर आहे ना, पोरी? तू तिथं असतेस, तुला ठाऊक.”

हो, म्हटलं. त्यांनी सही केली.