सोळाशेचा शेवटचा रोल

सामोरा, सोमवार

आदरणीय एउलालिया ताई यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, कासिल्डाच्या, नवऱ्याचा, म्हणजे लिसिनियोचा, मनापासून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (कासिल्डा म्हणते उजवा, माझ्या आठवणीत डावा. या मुद्द्यावर काल आमचं सूप थंड झालं, तेव्हा काय ते कळवा.) फेर्मिनरावांनी डॉक्टरांचं ऐकून चुरुट सोडला असं कानावर आलं. खरं असेल तर अभिनंदन, नसेल तर निदान खिडकी उघडी ठेवून ओढायला सांगा. आम्ही दोघं ठीक. म्हणजे कासिल्डा ठीक आहे. मला झोप नाही, अन्न गोड लागत नाही, आणि दाराची घंटा वाजली तरी छातीत धस्स होतं.

आमच्या निएवेसने शनिवारी मठात नन म्हणून कायमची शपथ घेतली. तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सगळं सांगतो. काल-परवापर्यंत मेंढ्यांची बाळंतपणं करणारी, चिखलाच्या बुटांनी घरभर फिरणारी मुलगी आता मठाच्या जाळीच्या पलीकडे राहणार, हे मी पचवलं आहे. (कासिल्डाच्या मते पचवलं नाही, नुसतं गिळलं आहे.) माझी मागणी एकच होती की त्या दिवसाचे फोटो मी काढणार. उभा जन्म या गावाची लग्नं आणि बाप्तिस्मे काढण्यात गेला, आणि पोटच्या मुलीचा दिवस दुसऱ्या कुणावर सोपवू? मठाच्या मुख्य, मदर एस्कोलास्तिका, हो म्हणाल्या. पण हो म्हणायची त्यांची रीत अशी, की माणसाला वाटावं यापेक्षा नाही म्हटलं असतं तर बरं. फोन नको. डिजिटल कॅमेरा नको (त्यातलं चित्र मठाची भिंत ओलांडून क्षणात गावभर होतं, असं त्यांचं म्हणणं). फ्लॅश नको, दिवा नको. जुना रोलचा कॅमेरा चालेल, कारण त्यांच्या स्वतःच्या शपथेला तोच होता. आता ते प्रार्थनाघर तुम्ही पाहिलं आहे. भर दुपारी तिथे माणसाला आपली करंगळी चाचपून शोधावी लागते.

पूर्वीचे दिवस असते तर मी हसत मान डोलावली असती, कारण तेव्हा सोळाशेची रंगीत फिल्म मिळायची (आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड फिल्मला पुरतो). ताई, त्या फिल्मची तारीफ मी तुमच्यापुढे याआधीही केली असेल (फेर्मिनराव उठून बाहेर जातात तेव्हा बहुधा तीच चालू असते), पण तिची सर दुसरीला नाही. दोन मेणबत्त्या पेटलेल्या असल्या की पुरे. चेहरा रवाळ यायचा, पण गालाचा रंग गालाचाच यायचा आणि काळोख ऊबदार दिसायचा. कंपनीने ती बंद केली तेव्हा मी आठवडाभर माझ्या फोटोच्या दुकानात कुणाशी धड बोललो नाही. साधी फिल्म अंधारात चित्र सावकाश धरते, तेव्हा तिच्यावर काढायचं तर निएवेसला पुतळ्यासारखं थिजून उभं राहावं लागेल, नाहीतर शपथ घेणारी मुलगी न दिसता एखादं भूत तरंगताना दिसेल. हे मी मदरना समजावलं. त्या म्हणाल्या, "मग भुताचा काढा, आम्हाला चालेल."

मग शोधाशोध सुरू झाली. दुकानदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खेचराची नाल मागतोय. शेवटी सालामांकाच्या दामासोची आठवण झाली. (आमच्या धंद्यातला जुना भिडू. तुमच्या लग्नात केकवर पडला होता तो.) त्याच्या फ्रिजमध्ये (गारव्यात फिल्म टिकते), ऑलिव्हच्या बरणीमागे, एकच रोल होता, मुदत कधीच उलटलेला. पहिल्या नातीच्या जन्मासाठी म्हणून जपला होता. नात आता शाळेत जाते, पण मनासारखा प्रसंग अजून त्याला सापडला नव्हता. मला वाटलं, आता हा मला नाक घासायला लावणार. पण तो एवढंच म्हणाला, "घेऊन जा रे लेका. तुझी पोरगी एकदाच मठात जाणार. माझी नातवंडं काय, येतच राहतील." आणि तोंड फिरवून बरणीतले ऑलिव्ह खात बसला.

खरी काळजी तिथून लागली. रोल चांगला आहे की मेलेला, हे कळणार कसं? वापरून पाहिला की संपला! रात्रंदिवस तो आमच्या फ्रिजमध्ये होता आणि मी फ्रिजच्या आसपास. कासिल्डाने दूध काढायला दार उघडलं की मी ओरडायचो. अखेर एक दिवस ती दूध शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवून आली.

शनिवारी प्रार्थनाघरात मी खांबाला टेकून उभा राहिलो. रोल इतक्या घाईने भरला की जीभ दाताखाली आली. निएवेस आली, थंडगार फरशीवर पालथी पडली, वर मठातल्या बहिणींचं गाणं चालू. मी फोटो काढत गेलो. डोळे भरून आले तरी काढत गेलो. तिने उठून शपथ वाचली, मदरनी तिच्या डोक्यावर काळं वस्त्र घातलं, तेही घेतलं. आणि मग माझी नजर कॅमेऱ्याच्या डाव्या कळीवर गेली. फिल्म पुढे सरकली की ती कळ फिरते. ती फिरत नव्हती. ताई, ती सुरुवातीपासून फिरलीच नव्हती. फिल्म चक्रीत अडकलीच नव्हती. मुलीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण मी रिकाम्या डब्यावर टिपत होतो.

नंतर भेटीच्या खोलीत, त्या एका दिवसापुरतं, जाळीचं दार उघडलं होतं. निएवेसने मला पाहिलं आणि तिला वाटलं, बाबांना झटका आला. मी कसंबसं सांगितलं. तर ही पोरगी आधी खो खो हसली आणि मग म्हणाली, "अहो बाबा, म्हणजे रोल कोराच आहे ना? मग पुन्हा भरा की! कोकरू आडवं आलं की असंच करतात, घाबरायचं नाही, हात घालायचा." मी म्हटलं, उजेड लागेल, उरलासुरला जीव जाईल त्याचा. (एवढ्या उजेडाने काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी ठाऊक नव्हतं.) तिने आपली नवीकोरी रुंद बाही पुढे केली, आणि मी कॅमेऱ्यासकट दोन्ही हात त्या बाहीत घालून रोल भरला. मदर एस्कोलास्तिका बदामाचं बिस्किट हातात धरून बघत राहिल्या. "लिसिनियो," त्या म्हणाल्या, "हे आमच्या कुठल्या नियमात बसतं?" "बाळंतपण आहे, मदर," निएवेस म्हणाली. मदर हसल्या. देवाशपथ हसल्या.

कळ फिरली. मग अख्खा रोल मी त्या अंधाऱ्या खोलीत संपवला. निएवेस हसताना, मदर बिस्किट लपवताना, निएवेस जाळीवर हात ठेवून. तुमची बहीण मात्र अगदी शांत होती. तुमच्या घराण्यात रडत नाहीत, हे मी पुन्हा एकदा पाहिलं.

फेर्मिनरावांना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुमचा,
लिसिनियो

ता.क. विगोमध्ये तुमच्या घराजवळ रंगीत रोल धुणारा एक भरवशाचा माणूस अजून आहे म्हणे. सोबतच्या बिस्किटांच्या डब्यात रोल ठेवला आहे. त्याच्याकडे द्याल का? मला इथे दुकानात उभं राहून वाट बघणं जमणार नाही.

ता.क. दुसरा. फोटो आधी तुम्ही बघा. चांगले असतील तरच कळवा. काही आलं नसेल तर टपालात गहाळ झाला असं लिहा. मी विश्वास ठेवीन.

ता.क. तिसरा, कासिल्डाच्या हातचा. ताई, डब्यात रोल ठेवून यांनी तो तीनदा परत काढला. आता यांना पाव आणायला पाठवलंय आणि डबा मीच बंद करून टपालात टाकतेय. फोटो कसेही येवोत, जुन्या फिल्ममुळे हिरवे येवोत, अर्धे येवोत, आधी माझ्याकडे पाठव. प्रार्थनाघरात मी डोळे घट्ट मिटून बसले होते. लोकांना वाटलं प्रार्थना करतेय. खोलीत मी तिला मिठी मारली ती खांद्यावर तोंड लपवून, आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. त्या कपड्यांत माझी निएवेस कशी दिसते, ते मी अजून पाहिलेलं नाही.