न विचारता घेतलेलं नाव

कासुर्डी, ता. दौंड
१२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय एरसिलिया मावशी यांना,
स. न. वि. वि.

मावशी लिहिलं म्हणून रागावू नका. बाई लिहिलं तर शाळेतल्या वाटत होतात, आणि मॅडम लिहिलं तर आमच्या कंपनीतल्या एचआरच्या, ज्यांच्याशी माझं पटत नाही. मावशी बरं वाटलं. का बरं वाटलं ते पत्र पुढं वाचलंत की कळेल.

तुम्ही मला ओळखत नाही. तशी आपली भेट झालेली आहे, पण तेव्हा मी काही बोलण्यासारखी नव्हते. तुमचा पत्ता दौंडच्या चर्चमधल्या फादरांनी दिला. तुम्ही गोव्याला पुतण्याकडं असता, गुडघे त्रास देतात, आणि रोज मराठी पेपर वाचल्याशिवाय तुम्हाला करमत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. पेपरचं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. इंग्रजीत पत्र लिहायचं म्हटलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

इकडं सगळं ठीक आहे. पाऊस यंदा हटता हटेना, त्यामुळं कांद्याची रोपं अर्धी सडली. मामा सकाळ-संध्याकाळ आभाळाकडं बघून बडबडत असतो. आजी खडखडीत आहे. दात नाहीत पण शेंगदाणे सोडत नाही, कुटून खाते. मी शिरूरजवळ एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. आठवडाभर तिकडं खोली करून राहते आणि सुट्टीला आजीकडं येते. वडील शिरूरलाच असतात. त्यांचा दुसरा संसार आहे, तरी माझ्यावर माया आहे. आणि तुळशीचं लग्न झालं की माझं लग्न आहे. मुलगा केंदूरचा, सार्थक नाव, माझ्याच कंपनीत दुसऱ्या शिफ्टला असतो. स्वभावानं चांगला आहे, फक्त जास्त बोलतो. मीही जास्त बोलते, त्यामुळं घर गाजणार एवढं नक्की.

आता माझं नाव सांगते. माझं नाव एरसिलिया.

होय मावशी, तुमचंच. कासुर्डीत या नावाचं माणूस म्हणाल तर मीच. आजी 'इरशे' म्हणते, मामा 'इर्सू' म्हणतो आणि शाळेत पोरं 'इरसाल' म्हणायची. त्यांना मी बरंच बदडलं, म्हणजे नाव सार्थच केलं म्हणायचं. रेशनकार्डापासून आधारकार्डापर्यंत प्रत्येक खिडकीवर बसलेला माणूस आधी नावाकडं बघतो, मग माझ्या कुंकवाकडं, आणि मग विचारतो, "हे कसं काय?" मी सांगते, एका नर्सबाईंचं नाव आहे. एवढंच सांगते. पुढचं कुणाला सांगत नाही.

सार्थकला पहिल्यांदा नाव सांगितलं तर म्हणाला, "ते राहू दे, खरं नाव सांग." मग त्यानं फोनवर शोधलं. इटलीत आणि पोर्तुगालकडं असतं म्हणे हे नाव, आणि तिकडंही आता फार कुणी ठेवत नाही. या नावाच्या नामवंत बायकांची यादीच निघाली. एक जुन्या वास्तूंचा अभ्यास करणारी, एक आकाशातल्या ताऱ्यांचा, एक राजकारणातली. सार्थक मोठ्यानं वाचत होता आणि मला चिडवत होता, "बघ, आता तुलाबी कायतरी पराक्रम करावा लागंल." मी फोन ओढून घेतला आणि यादी खालपर्यंत पाहिली. तीत दौंडची कुणी नव्हती. मला रागच आला. वेडेपणा आहे, कळतंय मला. त्या यादी करणाऱ्यांना दौंड तरी कुठं माहीत असणार? पण ज्या एरसिलियेमुळं मी फोन हातात धरायला जिवंत आहे तिचं नाव त्यात नाही, हे मला काही सहन झालं नाही.

तुम्हाला आता अंदाज आला असेल. नसेल तर सांगते, आणि आला असेल तर कृपा करून पत्र मिटवून ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा.

माझ्या आईचं नाव सविता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती इथं कासुर्डीला आली होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. गावातली जीप दुसरीकडं गेलेली, म्हणून आजी आणि मामा तिला यवतला घेऊन गेले आणि दौंडच्या पॅसेंजरमध्ये बसवलं. दौंड गाठायचं एवढंच डोक्यात. केडगाव सुटलं आणि आईला काही दम निघेना. डब्यातल्या बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला. तेव्हा पलीकडच्या बाकावरून तुम्ही उठलात. तुम्ही पुण्याहून घरी निघाला होतात, तुमची काही ड्यूटी नव्हती. "मी नर्स आहे, मला येऊ द्या," म्हणालात आणि खाली बसलात.

पाटस यायच्या आधी मी झाले. रडले नाही म्हणे. तुम्ही मला उलटं धरलंत, पाठीवर चापट्या मारल्यात, तोंडानं माझं नाक साफ केलंत. मग मी रडले, ती अजून थांबले नाही असं आजी म्हणते.

आईचं रक्त मात्र थांबलं नाही. तुमच्याकडं ना औषध होतं ना सलाईन. तुम्ही तुमची साडी फाडलीत. गाडी दौंडात शिरेपर्यंत तुमचा एक हात तिच्या पोटावर दाबलेला होता आणि दुसऱ्या हातात तिचा हात. आई फलाटावरच गेली. दवाखान्याची गाडी आली ती त्यानंतर.

हे मी आजवर कुणाला लिहून सांगितलं नव्हतं. बोलूनही सार्थकला एकदाच सांगितलं.

पुढचं लिहायला जड जातंय. मामा तेव्हा विशीतला होता. फलाटावर सगळ्या लोकांदेखत तो तुमच्या अंगावर धावून गेला. "येत न्हवतं तर हात कशाला लावला? मारली माझ्या भनीला!" असं ओरडला. तुम्ही मला घट्ट धरून उभ्या राहिलात. मग आजी पुढं आली आणि तिनं विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?"

आजी सांगते, तुम्ही तेव्हा ताठ उभ्या राहिलात. पूर्ण नाव सांगितलंत, एरसिलिया बारेटो. रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर सांगितलंत. आणि म्हणालात, "खुशाल तक्रार करा. मी कुठं पळून जाणार नाही." मला आजीच्या हातात दिलंत आणि निघून गेलात.

घरात सुतक होतं, म्हणून माझं बारसं लांबलं. लोक तर म्हणत होते, आईला खाल्लेल्या पोरीचं बारसं कसलं करता? आत्यानं कानात नाव सांगायचं असतं, पण ती आलीच नाही. आजीनं पदर खोचला, पाळण्यापाशी स्वतः बसली आणि माझ्या कानात तुमचं नाव सांगितलं. त्या दिवशी दौंडहून घरी येईपर्यंत वाटभर तिनं ते तोंडात घोळवलं होतं, विसरू नये म्हणून. बायकांनी तोंडाला पदर लावले. आजी म्हणाली, "हसा. नाव हेच ऱ्हाईल."

त्याआधी तुम्हाला बारशाचं आवतन द्यायला आजीनं मामाला पाठवलं होतं. क्वार्टरला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, सिस्टर बदली मागून गेल्या. मामा परत आला तेव्हा जेवला नाही, असं आजी सांगते. त्या दिवसाबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. पण या महिन्यात कांद्याचं काम सोडून दौंडला चर्चमध्ये जाऊन बसला आणि तुमचा पत्ता घेऊन आला तो साहेबराव मामाच. कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "तूच लिही. माझी छाती न्हाई व्हत."

मावशी, आता तुम्हाला आत्ताच का पत्र लिहितेय ते सांगते.

लग्नात आमच्याकडं नवरीचं नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. माझ्या होणाऱ्या सासूबाई, सोजराबाई, फार कडक. पहिल्या दिवसापासून म्हणतात, "आमची जीभ वळत न्हाई त्या नावाला. सानिका ठेवू, ग्वाड नाव हाय." सार्थक आईपुढं गप्प बसतो. तेवढ्यापुरतं त्याचं जास्त बोलणं कुठं जातं देव जाणे. मी एकदा ठाम नाही म्हणाले, तर लग्नच मोडायची वेळ आली. नर्सबाईंचं नाव आहे, यापुढं मी काही सांगेना आणि त्यांना ते पटेना.

परवा बस्ता बांधून सगळे आमच्याकडं चहाला आले. पुन्हा तोच विषय निघाला. तेव्हा आजीनं कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. गाडी, फलाट, फाडलेली साडी, सगळं. मला वाटलं, आता सोजराबाई म्हणणार, असल्या अपशकुनाचं नाव तर मुळीच नको.

त्यांनी मामाला विचारलं, "ती बाई हाय का अजून?"

मामा म्हणाला, "हाय. गोव्याला."

"तिला ठावं हाय का, तिचं नाव हिला ठिवलंय त्ये?"

मामानं मान हलवली, नाही म्हणून. सोजराबाई माझ्याकडं वळल्या. "आगं, तिला त्ये नाव ऐकलं तरी त्यो दिवस आठवत आसंल. तिला नको आसंल तर तुमी कोण ठिवणार? तिला इचार. ती व्हय म्हणली तर ताटात तेच नाव लिवायचं, म्या स्वतः सार्थकच्या हातात अंगठी दीन. न्हाई म्हणली तर सानिका."

मी इतके दिवस त्यांच्यावर चिडले होते. त्या दिवशी उठून त्यांच्या पाया पडले.

म्हणून विचारते, मावशी. जन्मापासून तुमचं नाव मी तुम्हाला न विचारता वापरते आहे. त्या नावानं शिकले, नोकरी केली, भांडले, प्रेम केलं. ते मला राहू द्याल का? तुम्हाला त्रास होत असेल तर मोकळेपणानं नाही म्हणा. मी सानिका होईन आणि तरीही तुमचे उपकार विसरणार नाही. आणि हो म्हणालात तर लग्नाला या. मामा स्वतः न्यायला येईल. दारात मान खाली घालून उभा राहिलेला दिसला तर त्याला आत घ्या.

आजी शेजारी बसली आहे. म्हणते, माझं बी लिही, मी बोलते तसंच. तर हे तिचं:

"बाई, म्या साखरबाई. सवितीची आय. त्या दिशी तुमी मला म्हणला, तक्रार करा. माझ्या तोंडातनं शबुद फुटला न्हाई, म्हणून तुमी तसंच समजून ग्येला. तक्रारीसाठी न्हवतं इचारलं ओ. माझी ल्येक मरताना तिचा हात ज्या बाईनं सोडला न्हाई, तिला म्या रोज हाक मारावी, म्हणून नाव इचारलं. आन् रोज मारती. तुमी काय बी चुकला न्हाई. ह्ये सांगायला उशीर झाला, माफी करा."

हे सांगताना आजी रडली नाही. मी रडले. अक्षर फिसकटलं आहे ते त्यामुळं.

उत्तराची वाट बघते. गुडघ्यांना जपा.

तुम्ही या जगात आणलेली, आणि अजून तरी तुमच्याच नावाची,
एरसिलिया आनंदराव गव्हाणे