फाट्यापर्यंत एक चक्कर

बाबा, आज सकाळी मोहाडीच्या अलीकडे रस्त्यावर लाखोरी पसरलेली दिसली आणि मी गाडी थांबवली. धान निघाल्यावर त्याच बांध्यांत, त्याच शेतांत होणारी लाखोरीची डाळ, तुम्हाला काय सांगायचं. उपटून वाळवलेली झाडं बायांनी अर्ध्या डांबरावर अंथरली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांनी आपोआप मळून निघावी म्हणून. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. मी खाली उतरलो, वाकून गाडीखाली पाहिलं आणि मग एक चाक मातीत घालून गाडी बाजूने काढली. एक बाई हसून म्हणाली, "जाऊ द्या ना भाऊ वरून, त्याच्यासाठीच त टाकली." मी नुसती मान हलवली. एकदा वरूनच गेलो होतो, हे तिला कुठे सांगत बसू?

त्या वर्षी मी तेवीस वर्षांचा होतो. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि तुम्हाला बसवरून उतरवून डेपोत टायरच्या खोलीत बसवून वर्ष झालं होतं. तपासणीत निघालं की दिवस बुडाल्यावर तुम्हाला धूसर दिसतं. पंचवीस-तीस वर्षं बपेऱ्याची बस चालवलेला माणूस टायर मोजायला लागला. घरी तुम्ही त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. मी नागपूरला कंपनीत होतो, पगार साठवत होतो, आणि साठवून काय केलं तर दोन दारांची, दोन माणसांची, पिवळीजर्द जपानी गाडी घेतली. कोण्या पैसेवाल्याच्या पोराने वापरून टाकून दिलेली. तिचा आवाज ऐकला आणि माझं डोकं फिरलं, दुसरं काही कारण नाही.

गावात आणली तेव्हा माय दारातूनच म्हणाली, "हे बसाची नाही बाप्पा, लेटाची गाडी आहे." पोट्टे खो खो हसले. तुम्ही मात्र ओट्यावरून उठलाही नव्हतात तोवर तिथूनच म्हणालात, "मांगच्या डाव्या चाकात हवा कमी आहे." मग उठून गाडीभोवती पूर्ण फेरी मारलीत, डेपोतून निघण्याआधी रोज मारायचात तशी. उकिडवे बसलात, हात खाली घातलात.

"चार बोटं जागा नाही रे खाली. काहून घेतली अशी?"

"नागपूरले अशाच चालतेत, बाबा."

"तू नागपूरच्या रस्त्यावर राह्यते, हे आपल्या रस्त्यावर राहीन का?" एवढंच बोललात. मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा काही आपल्या कमाईचं आणलं होतं, आणि या माणसाला हवा कमी दिसते!

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ करून, धुतलेला खाकी शर्ट घालून बाहेर आलात. तो शर्ट डेपोत खोलीत बसायला लागल्यापासून तुम्ही पेटीत ठेवून दिला होता. ओट्यावर माझे तीन-चार दोस्त बसलेले. तुम्ही गाडीपाशी उभे राहिलात, बॉनेटवर हात ठेवलात आणि लाजत, हो, लाजतच म्हणालात, "मले मारू दे एक चक्कर. फाट्यापर्यंत." माझ्या आठवणीत तुम्ही मला काही मागितलं ते तेवढंच. शाळेच्या पुस्तकांपासून नागपूरच्या खोलीच्या भाड्यापर्यंत सगळं तुमच्याकडून माझ्याकडेच आलेलं. आणि मी म्हणालो, "बाबा, हे बस नोहे. आन् तुमच्या डोळ्यानं दिसते का? ठोकून ठेवसान." दोस्त हसले. त्यातला एकजण म्हणाला, "काकाजी, कंडक्टर पाह्यजेन का?" आणि पुन्हा हसले. मीही हसलो.

तुम्ही बॉनेटवरचा हात उचललात. तिथे बोटांचे ठसे उमटले होते, ते शर्टाच्या बाहीने पुसलेत. "बरोबर आहे तुयं," म्हणालात, "लायसनबी संपलं मायं." आणि गोठ्याकडे गेलात. तुम्ही चिडला असतात, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट दुपारी जेवताना मला समजावून सांगत होतात, जसं काही झालंच नाही. लाखोरीचे दिवस आहेत, बसखालून ती झाडं सहज पास होतात, बाया उलट खूश होतात, एखादी वर्षातून एकदा सूपभर डाळ आणून देते. "पण तुयी गाडी जमिनीले टेकून राहिली. लाखोरी दिसली का उतराचं. बाजूनं काढाचं. सायलेन्सर तापला असते." मी हो हो करत भात कालवत होतो. कोण ऐकतंय!

तिसऱ्या दिवशी मोहाडीचा बाजार होता. एक दोस्त शेजारी बसलेला. फाट्याच्या पुढे रस्ताभर लाखोरी, आणि कडेला ओळीने बाया. त्यांच्यासमोर उतरून वाकायचं आणि मातीतून हळूहळू काढायची? मी दाबली. चरचर आवाज आला, मग गाडी जड झाली, मग वास. थांबलो तोवर धूर सीटपर्यंत आला होता. आम्ही उड्या टाकल्या. बायांनीच घागरीतलं पाणी मारलं, माती टाकली, ओल्या पोत्यांनी झोडपलं. आम्ही दोघं धडधाकट गडी नुसते पाहत उभे. एक म्हातारी कपाळाला हात लावून रडत होती, "माया लाखोरीची राख केली रे पोट्ट्या! साऱ्या सालाची डाळ होती मायी!" कोणीतरी गावात सांगितलं आणि तुम्ही सायकलीवर आलात. आधी त्या म्हातारीपाशी गेलात, हात जोडलेत, तुमच्या मुलाच्या वतीने. गाडीकडे मग आलात. खाली वाकून पाहिलंत आणि एवढंच म्हणालात, "तुले लागलं त नाही?"

ट्रॅक्टरला दोर बांधून तिला घरी आणलं, गोठ्यामागे आंब्याखाली उभी केली. खालून सगळं वायरिंग जळालेलं. नागपूरच्या मिस्त्रीने सांगितलं की हिचे पार्ट आता मिळत नाहीत. मी पुन्हा बसने जायला-यायला लागलो. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायला लागल्या.

त्या उन्हाळ्यात एकदा न सांगता आलो. माय कुठे बाहेर गेलेली, घर उघडं. हात धुवायला मागे गेलो तर तुम्ही गाडीत बसलेले. खाकी शर्ट, पाठ ताठ, दार लावलेलं. तुमचा डावा हात गियरवर होता. पहिला, दुसरा, थोडा वेळ, तिसरा. मग पुन्हा दुसरा, आणि स्टीअरिंग सावकाश डावीकडे. लहानपणी तुमच्या सीटमागे उभा राहून मी तो रस्ता इतक्यांदा पाहिला होता की मला कळत होतं, आता वळण आलं, आता शाळा, आता बपेऱ्याचा थांबा. थांब्यावर तुम्ही हॅण्डब्रेक ओढलात आणि आरशात पाहिलंत, सगळे उतरले का. आरसा तडकलेला होता. मी तसाच आल्या पावली मागे आलो, पुढच्या दाराने खोकत आत शिरलो. थोड्या वेळाने तुम्ही आलात. "कवा आला?" "आताच." तेव्हाही मला म्हणता आलं असतं, बाबा, मी पाहिलं. निदान जवळच्या सीटवर जाऊन बसता आलं असतं. ती रिकामीच होती.

त्याच पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुम्ही गेलात, बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर बसल्या बसल्या. सगळं आटोपल्यावर भंगारवाला आला. द्यायच्या आधी मी एकदा आत बसलो आणि माझे गुडघे स्टीअरिंगला आदळले. सीट पूर्ण पुढे ओढलेली होती, तुमच्या पायांच्या मापाने. मी ती मागे सरकवली नाही. तशीच दिली.

आता माझ्याकडे चार माणसांची साधी गाडी आहे. रोज किल्ली लावायच्या आधी फेरी मारतो, वाकून पाहतो. बायको म्हणते, वडिलांची सवय लागली तुम्हाला. त्याने काय होतं? काहीच होत नाही. तुम्ही फाट्यापर्यंत जात नाही. हा कागद गाडीच्या कागदांत, आरसी बुकामागे ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकणार.

एक गोष्ट मात्र लिहून टाकतो. इतकी वर्षं मी सगळ्यांना, मायलासुद्धा, हेच सांगत आलो की तुमच्या डोळ्यांच्या काळजीने मी किल्ली दिली नाही. तसं नव्हतं. आदल्या दिवशी नागपूरहून येताना ती गाडी माझ्या हातून चारदा बंद पडली होती, मला तिचा क्लच जमत नव्हता, आणि तुम्ही बसताच ती लोण्यासारखी निघाली असती. दोस्त पाहून राहिले होते. सकाळचे आठ वाजले होते, बाबा, लख्ख ऊन होतं. तुम्हाला चांगलं दिसत होतं.